वांग आणि काळे डाग: ट्यूब लावण्याआधी तिच्या मागचा मजकूर मोबाईलवर झूम करून वाचा

एरवी मी तुम्हाला बॅटरी, स्टोरेज आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगबद्दल सांगतो. आजचा विषय चेहऱ्यावरच्या डागांचा आहे, पण तोसुद्धा कॅमेऱ्यापासूनच सुरू झाला.

उन्हाळ्यात औशाला घरी गेलो होतो. वहिनींनी त्यांचा मोबाईल पुढे केला. "भाऊजी, बघा बरं, डाग कमी झालेत का नाही? फोटोत तर काहीच दिसंना." वहिनींच्या दोन्ही गालांवर दुसऱ्या बाळंतपणापासून वांग आहे. फोटोत मात्र चेहरा एकदम लख्ख. मी फोटो बघितला, मग वहिनींकडे बघितलं. डाग जागेवरच होते. वर गाल लालसर झालेले आणि कातडीखालच्या बारीक शिरा दिसत होत्या. फ्रंट कॅमेऱ्याचा ब्युटी मोड चालू होता, एवढीच त्या फोटोची करामत! चार महिने त्या रोज रात्री एक ट्यूब लावत होत्या आणि ती काम करतेय असं त्यांना त्यांचाच फोन सांगत होता.

ट्यूब मेडिकलमधून आणलेली, शेजारणीने सांगितली म्हणून. डॉक्टरची चिठ्ठी नाही. मागचा मजकूर इतका बारीक की डोळ्यांना वाचता येईना. मोबाईलने फोटो काढून झूम केला तेव्हा तीन नावं दिसली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन.

ही तीन नावं नेमकी काय आहेत?

आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मेलानिन नावाचं रंगद्रव्य बनवतात आणि त्यासाठी टायरोसिनेज हे एन्झाइम वापरतात. हायड्रोक्विनोन या एन्झाइमला अडवतं, म्हणजे नवा रंग कमी बनतो. ट्रेटिनॉइन वरची कातडी लवकर बदलायला लावतं. आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. आधीच्या दोघांनी होणारी जळजळ ते दाबतं.

ही कल्पना काही फालतू नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या अल्बर्ट क्लिगमन या त्वचातज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यासोबत अशीच तीन औषधांची जोडणी मांडली होती आणि वांगावर ती चालते. आजही डॉक्टर असं तिहेरी क्रीम देतात, पण ठरावीक आठवडे, आणि मध्ये तपासणी करून. गडबड होते ती "थांबा" म्हणणारं कुणी नसतं तेव्हा. स्टेरॉइड महिनोन्‌महिने चेहऱ्यावर गेलं की कातडी पातळ होते, पुरळ येतं, केस वाढतात, शिरा दिसायला लागतात. बंद केलं की चेहरा लाल होऊन आग होते. माणूस घाबरून परत तीच ट्यूब लावतो. या चक्रात अडकलेल्या चेहऱ्याला त्वचातज्ज्ञांनी वेगळं नावच दिलंय, 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा'. हायड्रोक्विनोनचंही तसंच आहे. फार काळ वापरलं तर काही जणांच्या चेहऱ्यावर उलट निळसर-काळे डाग उमटतात, आणि ते घालवणं वांगापेक्षाही अवघड.

पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, हीच खरी फसवणूक आहे. वहिनींचाही उजळला होता.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने कातडीवर लावायच्या १४ स्टेरॉइड मलमांना असलेली सूट काढून घेतली आणि ती चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. पण गल्लीतल्या दुकानात काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून ट्यूब हातात आली की आधी खोक्यावर उभी लाल रेघ आहे का ते बघा. असेल तर ते चिठ्ठीचं औषध आहे, ब्युटी क्रीम नाही. मग मागच्या मजकुराचा फोटो घेऊन झूम करा आणि मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसतंय का ते शोधा. गुगल लेन्सने मजकूर कॉपी करून एकेक नाव शोधता येतं.

ज्यावर काहीच लिहिलेलं नसतं

त्याहून वाईट म्हणजे ज्या डबीवर घटकच लिहिलेले नसतात ती. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती, तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. एकाच घरातल्या तीन बायका गोरं करणारं एक क्रीम वापरत होत्या आणि तिघींच्या मूत्रपिंडाला इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पाराही त्याच टायरोसिनेजला अडवतो, म्हणून रंग झटपट उजळतो. पण तो कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनात मुद्दाम पारा घालायला बंदी आहे. नकळत आलाच तर दहा लाख भागांत एक भाग, एवढीच मर्यादा (डोळ्यांच्या मेकअपसाठी नियम वेगळा). डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल, तर रील कितीही भारी असो, ती डबी तिथेच ठेवा.

लिंबू आणि खायचा सोडा यांचंही तेच. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर कातडी भाजते आणि नवे डाग पडतात. आपल्याकडच्या उन्हात तर बोलायलाच नको.

आता एक प्रश्न मला नेहमी येतो: मोबाईलच्या उजेडाने डाग वाढतात का? 'ब्लू लाइट क्रीम' विकणारे हो म्हणतात. २०२० मध्ये फ्रेंच संशोधकांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. वांग असलेल्या १२ जणांना फुल ब्राइटनेसच्या स्क्रीनपुढे रोज ८ तास, सलग ५ दिवस बसवलं. डाग वाढले नाहीत. अभ्यास लहान आहे, पण स्क्रीनचा उजेड उन्हाच्या तुलनेत किती किरकोळ असतो ते कुणीही खिडकीत उभं राहून बघू शकतं. उन्हातला दिसणारा उजेडही वांग वाढवतो, फक्त अतिनील किरणंच नाहीत. म्हणून वांग असलेल्यांना डॉक्टर लोहाचं ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन सुचवतात. एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा-मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढं, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत. स्कूटीवर स्कार्फ बांधता तो बांधाच, पण पातळ ओढणीतून ऊन येतंच.

सगळे डाग वांग नसतात, हेही लक्षात घ्या. पिंपल फोडल्यावर राहिलेले डाग बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप फिके होतात. मान काळी आणि मखमलीसारखी जाड झाली असेल तर ते शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असू शकतं. तिथे क्रीमपेक्षा साखरेची तपासणी आधी. कपाळावर टिकलीच्या, कुंकवाच्या जागीच डाग असेल तर ॲलर्जीचा संशय घ्यावा. चेहरा स्कॅन करणाऱ्या ॲपला यातलं फारसं कळत नाही. रंग वरच्या थरात आहे की खोलवर, हे डॉक्टर वुड्स लॅम्प किंवा डर्मोस्कोपने बघतात, आणि उपचार किती लागू पडेल ते बरंचसं त्यावरच ठरतं.

मोबाईलचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. ब्युटी मोड बंद करा, मागचा कॅमेरा वापरा, फ्लॅश नको. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीत, त्याच वेळी फोटो काढा. रोज काढलात तर फरक दिसत नाही आणि जीव मात्र टांगणीला लागतो. डॉक्टर लांब असतील तर सरकारच्या ई-संजीवनीवर फुकट सल्ला मिळतो, तिथेही असेच फोटो उपयोगी पडतात.

वहिनींना आम्ही लातूरला त्वचातज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधीची ट्यूब कशी बंद करायची ते सांगितलं, मधले काही आठवडे आग होईल म्हणाले, आणि झालीही. वहिनी माझ्यावर चिडल्या, "तुमच्यामुळं असलं तर पहिलं तोंड परवडलं!" आता फक्त सनस्क्रीन आणि ॲझेलेइक ॲसिडचं क्रीम चालू आहे. ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्यांबद्दल विचारलं, पण त्यांच्या घरी रक्ताच्या गुठळीचा इतिहास आहे, म्हणून डॉक्टरांनी नाही म्हटलं. लेझर तर सुरुवातीलाच नको म्हणाले. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत त्याने वांग उलटूही शकतं.

वहिनींच्या फोनमध्ये मी 'खिडकी' नावाचा फोल्डर करून दिलाय. त्यात आता सहा फोटो आहेत. लाली गेली आहे. वांग पहिल्या फोटोपेक्षा फिकं आहे, गेलेलं नाही. सोयाबीनच्या काढणीत चार दिवस सनस्क्रीन राहिलं तेव्हाचा पाचवा फोटो चौथ्यापेक्षा गडद आला होता. तो त्यांनी स्वतःच ओळखला.