मे महिन्यातले उणे 40

पुण्यातली मे महिन्यातली दुपार. गॅरेजच्या पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं आणि मेकॅनिकच्या हातातला स्कॅनर आमच्या इंजिनातल्या कूलंटचं तापमान सांगत होता: उणे 40 अंश. पाचच मिनिटांपूर्वी रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावून मी चांगलाच चटका खाल्ला होता.

"सेन्सरचा कपलर मीच काढलाय काका," तो म्हणाला. "वायर तुटली की गाडी सरळ कारगिलला जाऊन बसते."

मग त्यानं शर्टाच्या खिशातून कागदाला लावायची साधी क्लिप काढली, सरळ केली आणि वायरिंगच्या बाजूच्या कपलरमधली दोन टोकं तिनं जोडली. आकडा उणे 40 वरून उडाला तो 130 च्या पलीकडे. क्लिप काढली, पुन्हा कारगिल. "म्हणजे कॉम्प्युटर शाबूत, इथपर्यंतची वायरही शाबूत," असं म्हणून तो चहाला गेला. आधीच्या एका वर्कशॉपनं 'कॉम्प्युटर गेला, बदलावा लागेल' असं सांगून मला आठवडाभर झोपू दिलं नव्हतं. त्या निदानाचा निकाल एका क्लिपेनं लावला होता.

गाडी 2005 ची. लिटरला पंधराचं अॅव्हरेज नऊवर आलेलं, सायलेन्सरमधून काळा धूर, पेट्रोलचा वास आणि गरम असताना बंद केली की पुन्हा चालू व्हायला नखरे. डॅशबोर्डवर मात्र चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही आणि तापमानाचा काटा अगदी शहाण्यासारखा मधोमध.

हा काटाच फसवतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याला खबर देणारा सेन्सर वेगळा, कॉम्प्युटरला खबर देणारा वेगळा आणि पंखा चालू करणारा स्विच तिसराच असतो. चालकाला एक बातमी मिळते, कॉम्प्युटरला दुसरी. माझा काटा म्हणत होता, इंजिन तापलंय. कॉम्प्युटरला त्याच क्षणी, कपलर काढण्याआधी, मिळत होते 34 अंश.

आता कॉम्प्युटरच्या जागी बसून बघा. तो एका बंद डबीत आहे. त्याला ऊन दिसत नाही, चटका बसत नाही. तो सेन्सरच्या वायरीवर 5 व्होल्ट सोडतो आणि त्यातले किती उरले ते मोजतो. त्याच्यासाठी उन्हाळा म्हणजे अर्धा व्होल्ट आणि थंडी म्हणजे चार व्होल्ट. वायरच तुटली तर काहीच खर्च होत नाही, पाचच्या पाच उरतात, आणि त्याच्या कोष्टकात याचा अर्थ एकच: कमालीची थंडी. नेमके उणे 40 च का, तर स्कॅनरच्या प्रमाणभाषेत या तापमानासाठी एकच बाइट राखून ठेवला आहे. 0 ते 255 यांतला एक आकडा येतो आणि त्यातून 40 वजा करायचे. शून्यातून चाळीस गेले की उणे चाळीस. त्याहून गार काही सांगायला त्या भाषेत शब्दच नाही. (उणे 40 ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात, त्यामुळे हा आकडा अमेरिकेतल्या गॅरेजातही असाच दिसतो.)

सेन्सरच्या पितळी टोपीत थर्मिस्टर नावाचा मसुरीएवढा तुकडा असतो. तांब्याची तार तापली की विजेला अडथळा वाढतो. याचं उलटं, हा जितका तापेल तितका अडथळा कमी. हा उलटा स्वभाव पहिल्यांदा नोंदवला मायकेल फॅरडेनं, 1833 मध्ये, सिल्व्हर सल्फाइड तापवताना. बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला माणूस. पहिली मोटार रस्त्यावर यायच्या कितीतरी आधी, 1867 मध्ये, तो वारला. त्यानं पाहिलेला तो चमत्कारिक गुण आज बहुतेक गाड्यांच्या इंजिनात पाण्यात बुडून बसलेला आहे.

मेकॅनिकनं सेन्सर काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो घरी आणला आणि बायकोच्या नाराजीकडे दुर्लक्ष करून एका जुन्या पातेल्यात पाणी ठेवलं. मल्टिमीटरच्या दोन तारा सेन्सरच्या दोन पिनांना, टोपी पाण्यात. बर्फ टाकला तेव्हा मीटरवर पाच हजार ओहमच्या वर आकडा होता. माठातल्या पाण्यात अडीच हजारांच्या आसपास. गॅस लावला आणि आकडे घसरू लागले: हजार, सहाशे, चारशे. पाण्याला बुडबुडे आले तेव्हा दोनशेच्या जवळ. वीस मिनिटं मी नुसता बघत बसलो होतो. पातेल्यातली ऊब माझ्या डोळ्यांसमोर आकडा होत होती, आणि तीही न अडखळता. म्हणजे सेन्सरही निर्दोष.

कॉम्प्युटर बरा, वायर बरी, सेन्सर बरा. मग 34 अंश आले कुठून?

पितळेच्या भांड्यात दही ठेवलं की कळकतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. कपलरच्या पिनाही तशाच कळकतात. पंधरा-वीस पावसाळे खाल्लेल्या गाडीचा कपलर उघडला की आत हिरवट भुकटी दिसते. तापलेल्या सेन्सरचा अडथळा साधारण 250 ओहम. त्यात या भुकटीनं हजार-बाराशेची भर घातली की बेरीज होते दीड हजाराच्या जवळपास, आणि कॉम्प्युटरच्या कोष्टकात तेवढा अडथळा म्हणजे तिशीतलं तापमान. क्लिपेनं पिना खरवडून थेट तांब्याला हात घातला होता, म्हणून तेव्हा हे लपून राहिलं.

इंजिन गार असलं की पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल ओततो. पूर्वी हे काम चोक ओढून आपण करायचो. माझी गाडी तळपत्या उन्हात अर्धा चोक ओढून धावत होती. आणि दिवा का लागला नाही? कारण 34 अंश हे खोटं असलं तरी पटणारं होतं. उणे 40 आलं असतं तर कॉम्प्युटरनं ते फेटाळलं असतं, दिवा लावला असता आणि स्वतःचा एक अंदाज धरून गाडी बरी चालवली असती. पूर्ण मेलेला सेन्सर परवडतो, अर्धवट खरं बोलणारा नाही.

फॅरडे इंजिनात आणखी एका जागी भेटतो. क्रँकजवळ एक दातेरी चक्र फिरतं. पुष्कळ गाड्यांत त्यावर साठ दातांची जागा आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. समोर जेमतेम एक मिलिमीटरवर चुंबक आणि तारेचं वेटोळं. दात पुढून गेला की तारेत वीज थरथरते: फॅरडेचा 1831 चा शोध. गाळलेल्या दातांची पोकळी आली की कॉम्प्युटरला कळतं, फेरा पुरा झाला. या वेटोळ्यातली केसाएवढी तार कुठेतरी तडकली असेल तर इंजिन तापल्यावर ती फाकते आणि गाडी घाटात गप्प उभी राहते. अर्ध्या तासानं तार गार होऊन पुन्हा जुळते. मेकॅनिक पोचेपर्यंत गाडी पहिल्या सेल्फला चालू, आणि आपण खोटे पडतो. यावर जुना तोडगा आहे: बंद पडल्याबरोबर सेल्फ मारत स्कॅनरवर आरपीएम बघायचा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्य, तर त्या सेन्सरवर गार पाण्याचं फडकं ठेवायचं. गाडी लगेच चालू झाली की चोर सापडला.

सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर हा तर स्वतंत्र लेखाचा ऐवज. बॉशनं तो 1976 मध्ये गाड्यांसाठी आणला. झिर्कोनियाची अंगठ्याएवढी टोपी, एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला हवा, आणि दोन्हींतल्या ऑक्सिजनच्या फरकावर ती स्वतः वीज तयार करते, 0.1 ते 0.9 व्होल्ट. शिशाचं तिला वावडं. आपल्याकडे शिसं मिसळलेलं पेट्रोल देशभर बंद झालं ते फेब्रुवारी 2000 मध्ये. या सेन्सरच्या नावानं स्कॅनरवर बिघाडाचा कोड आला की लोक पहिल्यांदा तोच बदलतात. पण 'पेट्रोल कमी पडतंय' ही त्याची तक्रार बहुतेक वेळा खरी असते. कुठेतरी रबरी नळी चिरलेली असते आणि तिथून चोरवाटेनं हवा शिरत असते.

मला सर्वांत लळा लागलाय तो हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा. किल्ली फिरवायची, इंजिन चालू करायचं नाही. मॅनिफोल्डमध्ये तेव्हा बाहेरचीच हवा असते, म्हणून स्कॅनरवर जो आकडा येतो तो तुमच्या गावाच्या हवेचा दाब. मुंबईत 100 किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात 95 च्या जवळ, महाबळेश्वरला 86. समुद्रापासून आपण किती वर चढलो, ते वीस वर्षांची गाडी सांगते. पुण्यात उभी असताना ती 80 म्हणाली, तर सेन्सर तपासायला घ्या.

आमच्या गाडीचं पुढे काय झालं? कपलरच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुतल्या, बारीक पॉलिश पेपरनं घासल्या, सैल झालेल्या होत्या त्या चिमट्यानं आवळल्या. सेन्सर जुनाच बसवला. इंजिन तापल्यावर स्कॅनरवर 89 अंश आले आणि काळा धूर त्याच संध्याकाळी थांबला. तुमच्याही जुन्या गाडीला कुणी महागडा सेन्सर सुचवला, तर पैसे मोजण्याआधी त्याला एवढंच म्हणा: "दादा, आधी कपलर उघडून दाखवा."