झाडाचें पाणी व झाडाचें अन्न

बुंधा आंतून पोकळ झालेली जुनी चिंच वर्षानुवर्षें पालवत राहते. उलट निरोगी झाडाची साल बुंध्याभोंवतीं कड्यासारखी काढून टाकली, तर तें झाड सहसा मरतें. याचें कारण खोडाच्या रचनेंत आहे.

मुळांनीं शोषलेलें पाणी बाहेरील नव्या लाकडांतील जलवाहिन्यांतून वर चढतें. गाभ्याचें जुनें लाकूड केवळ आधार देतें. पानांत सिद्ध झालेलें अन्न मात्र अंतर्सालींतील रसवाहिन्यांतून खालीं उतरतें. साल तुटली तरी पाणी वर जातच असल्यामुळें पानें कांहीं काळ हिरवीं दिसतात. पण मुळें उपाशी पडतात आणि त्यांच्यामागून वृक्ष जातो. इटलींतील माल्पीगी यानें सतराव्या शतकांत असें कडें काढलें, तेव्हां जखमेच्या वरची कड फुगून आली. उतरणारें अन्न तेथेंच अडलें होतें.

पाण्याची वाट पाहण्यास तेरडा सोयीचा. त्याची डहाळी लाल शाई मिसळलेल्या पाण्यांत कांहीं तास उभी ठेवावी. मग वस्तऱ्यानें खोडाचा पातळ आडवा काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा. तांबड्या ठिपक्यांचें जें कडें दिसतें, त्या जलवाहिन्या. त्या मृत पेशींच्या नळ्या असून त्यांच्या भिंती काष्ठद्रव्यानें कठीण झालेल्या असतात. म्हणून त्या खोडाला ताठही ठेवतात. त्यांच्या बाहेरच्या अंगास जिवंत, नाजूक रसवाहिन्या असतात.

बुंध्याला आवळलेली तार झाड जाड होतांना सालींत रुतते व हाच मार्ग तोडते. ती वेळींच सोडली, तर वृक्ष वांचूं शकतो.