डोंगरीची डंगरी

जीन्सच्या नावात इटलीतलं जिनोआ दडलंय आणि डेनिमच्या नावात फ्रान्समधलं नीम. फॅशनची आवड असणाऱ्यांना ही दोन गावं तोंडपाठ असतात. याच घराण्यातलं तिसरं कापड मात्र आपल्या मुंबईचं आहे. इंग्रजीत ज्याला 'डंगरी' म्हणतात, ते डोंगरीचं कापड!

सँडहर्स्ट रोड स्टेशनला उतरलं की जी गजबज लागते, तीच ही डोंगरी. मुंबई बेटांची होती तेव्हा इथे समुद्राजवळ एक छोटी टेकडी होती, म्हणून हे नाव. या भागात जाडंभरडं सुती कापड विकलं जाई. व्यापारी जिथून माल उचलतात तिथलंच नाव मालाला देतात. कालिकतहून जाणारं कापड जसं 'कॅलिको' झालं, तसं डोंगरीचं 'डंगरी' झालं.

कधीची गोष्ट? १६१३ सालची तरी नक्की. जॉन सॅरिस नावाचा इंग्रज कप्तान तेव्हा मोलुक्का बेटांवर लवंगा घ्यायला गेला होता. तिथे बहुतेक व्यवहार हिंदुस्थानी कापडाच्या बदल्यात होत. कुठल्या कापडाला किती लवंगा मिळाल्या, याची यादीच त्याने लिहून ठेवली आणि त्या यादीत 'डोंगेरिन' आहे. शिवरायांच्या जन्माला अजून सतरा वर्षं होती आणि डोंगरीचं नाव इंडोनेशियातल्या मसाल्याच्या बाजारात खणखणत होतं!

पुढे १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश आला. त्यात डंगरीची ओळख 'जाडंभरडं आणि हलक्या प्रतीचं सुती कापड' अशी करून दिली आहे. हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. नाजूक मलमल दरबारात शोभते. वारा, मीठ आणि घाम यांच्यासमोर टिकतं ते जाडंभरडंच. म्हणून तर खलाशांनी डंगरीला जवळ केलं. या कापडाची शिडं झाली, तंबू झाले, खलाशांच्या अंगावरचे कपडेही झाले. विसाव्या शतकात अमेरिकन नौदलाच्या कामाच्या निळ्या गणवेशालाही 'डंगरी' हेच नाव मिळालं.

भावाचीही एक मजेदार नोंद सापडते. मेरी फ्रिअर ही मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी. तिने आपल्या आयाकडून, म्हणजे ॲना लिबराटा डिसूझा हिच्याकडून, लोककथा ऐकून १८६८ मध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक काढलं. त्यात ही आया जुन्या स्वस्ताईच्या आठवणी सांगते: आता जी डंगरी अर्धा रुपया वार मिळते, ती पूर्वी रुपयाला वीस ते चाळीस वार मिळायची. 'आमच्या वेळी' हा विषय दीडशे वर्षांपूर्वीही तितकाच जिव्हाळ्याचा होता.

आता थेट ऑस्ट्रेलियात चला. एकोणिसाव्या शतकात तिथल्या गरीब शेतकऱ्यांना 'डंगरी सेटलर' म्हणत, कारण हिंदुस्थानातून आलेलं हे स्वस्त निळं कापडच त्यांना परवडे. पहिल्या महायुद्धात तर या नावाचा मोर्चाच निघाला. नोव्हेंबर १९१५ मध्ये क्वीन्सलँडमधल्या वॉरविक गावातून २८ जण सैन्यात भरती व्हायला ब्रिस्बेनकडे पायी निघाले. वाटेत गावोगावचे तरुण येऊन मिळाले आणि पोचेपर्यंत ते सव्वाशे झाले. अंगात निळे डंगरीचे कपडे, म्हणून हा 'डंगरी मार्च'. यातल्या कितीजणांना डोंगरी हे कुठल्या गावाचं नाव आहे हे ठाऊक असेल!

हा शब्द देशोदेशी वेगवेगळे अर्थ घेऊन नांदतो. ब्रिटनमध्ये डंगरी म्हणजे छातीवर पट्टा आणि खांद्यावर बंद असलेली विजार; अमेरिकेत तिला 'ओव्हरऑल' म्हणतात आणि तिथल्या जुन्या माणसांच्या तोंडी डंगरी म्हणजे साधी जीन्स. आपल्याकडे लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात डंगरी मागितली की बरोबर बंदवालीच समोर येते. भारतीय लष्करात रणगाड्यावरचे जवान जो काळा, अंगभर एकसंध पोशाख घालतात, त्यालाही डंगरीच म्हणतात.

या बंदवाल्या पोशाखाचं जगातलं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक कोण असेल, तर व्हिडिओ गेममधला मारिओ. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये तो पहिल्यांदा दिसला. तेव्हाच्या पडद्यावर मोजकेच ठिपके मिळत, त्यात हात हलताना दिसणार कसे? म्हणून गेमचे निर्माते शिगेरू मियामोतो यांनी त्याला बंदवाली विजार चढवली. रंग वेगळा पडला आणि हात उठून दिसले. ॲनिमेशनपटांतल्या पिवळ्या मिनियन्सनी तोच पोशाख पुढे चालवला.

डोंगरीची मराठी मनातली ओळख मात्र वेगळी आहे. कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये इथल्याच तुरुंगात होते आणि आगरकरांनी त्या एकशे एक दिवसांवर पुस्तक लिहिलं. अलीकडे सिनेमांनी या वस्तीला फक्त गुन्हेगारीचा शिक्का मारला, याची खंत वाटते.

सँडहर्स्ट रोड स्टेशनचं नाव बदलून 'डोंगरी' करायला राज्याने २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. नवी पाटी लागेल तेव्हा तिच्या शेजारी चार ओळी या कापडाबद्दलही लिहाव्यात, अशी रेल्वेला विनंती आहे. जिनोआ आणि नीमच्या पंगतीत बसणारं हे गाव आहे, हे रोज तिथून जाणाऱ्या मुंबईकरांना कळलंच पाहिजे.