चुका सोसणारा रुग्ण

वॉर्डातल्या एका खाटेभोवती आठ-दहा विद्यार्थी उभे असतात. पहिला पोट तपासतो, मग दुसरा. पाचव्याची पाळी येईपर्यंत रुग्ण थकून कुशीवर वळलेला असतो. हात बसायचा तर सराव हवा आणि सरावात चुका होणारच. पण त्या चुका खाटेवरच्या माणसाने का सोसायच्या? आभासी रुग्ण हे या प्रश्नाला मिळालेलं उत्तर आहे.

या गोष्टीची सुरुवात नाटकाने झाली. १९६३ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी एका मॉडेलला ‘पॅटी डगर’ या काल्पनिक रुग्णाची भूमिका शिकवली. पायांतली शक्ती गेलेली ही ‘रुग्ण’ प्रत्येक विद्यार्थ्यापुढे तीच कहाणी, तीच लक्षणं मांडायची आणि तपासणी संपल्यावर त्याने काय केलं, काय राहून गेलं, याची नोंद द्यायची. १९६७ मध्ये त्याच विद्यापीठात ‘सिम वन’ हा संगणकावर चालणारा पुतळा उभा राहिला. त्याची छाती हलायची, पापण्या लवायच्या, नाडी लागायची आणि शिरेतून दिलेल्या चार औषधांना तो प्रतिसाद द्यायचा. १९७१ मध्ये विल्यम हार्लेस आणि सहकाऱ्यांनी पुतळाही बाजूला ठेवला. विद्यार्थ्याने टर्मिनलवर प्रश्न टाईप करायचा आणि रुग्णाने तिथेच उत्तर द्यायचं.

पुढे फाट्यांच्या केस आल्या. एडिनबरा विद्यापीठात सुरू झालेली ‘लॅबरिंथ’ ही प्रणाली याच जातीची. एक निर्णय घेतला की कथा एका वाटेने जाते, दुसरा घेतला की दुसऱ्या. पद्धत सोपी आहे आणि संवाद व निदान शिकवायला आजही उपयोगी पडते. पण तिची एक मर्यादा आहे: प्रत्येक वाट लेखकाने आधी लिहून ठेवावी लागते. विद्यार्थ्याला काही तिसरंच सुचलं, तर रुग्ण गप्प बसतो.

ही अडचण सोडवायला खेळांची रीत कामी आली. व्हिडिओ गेममध्ये चेंडू भिंतीवर आपटून कुठे जाईल, हे कुणी लिहून ठेवत नाही. वेग आणि कोन यांवरून संगणक ते क्षणोक्षणी मोजतो. मग रक्तदाब तसाच का मोजू नये? त्याचा पाया आधीच घातलेला होता. मिसिसिपी विद्यापीठातले आर्थर गायटन, ज्यांच्या शरीरक्रियाशास्त्राच्या ग्रंथाशिवाय आपल्याकडचं एमबीबीएसचं पहिलं वर्ष सरत नाही, त्यांनी १९७२ साली हृदय, मूत्रपिंड, संप्रेरकं आणि चेतासंस्था यांचे परस्परसंबंध समीकरणांच्या एका प्रचंड आराखड्यात मांडले. आजचं ‘पल्स’ हे मुक्त-स्रोत इंजिन त्याच विचाराने चालतं. त्यात रक्तवाहिन्यांचं जाळं विजेच्या सर्किटसारखं मांडलेलं आहे आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागाला शरीराची स्थिती नव्याने मोजली जाते. युनिटी किंवा अनरिअल या गेम इंजिनांना ते जोडलं, की पडद्यावरच्या देहाला आतून शरीर मिळतं.

समजा, अपघातात सापडलेला तरुण समोर आहे. पोटात रक्तस्राव चालू आहे, पण रक्तदाब अजून ठीक दिसतो. शरीर हृदयाचे ठोके वाढवून आणि रक्तवाहिन्या आवळून तोल सांभाळत असतं. विद्यार्थी रक्तदाबाचा आकडा पाहून निर्धास्त होतो. वाढत चाललेली नाडी आणि गार पडलेले हात त्याच्या ध्यानात येत नाहीत. मग एकाएकी रक्तदाब कोसळतो. तो घाईने सलाईन सोडतो. आकडा सुधारतो, पण रक्त पातळ होतं आणि प्राणवायू वाहून नेण्याची त्याची ताकद घटते. हा परिणाम कुणी शिक्षा म्हणून लिहिलेला नाही. तो समीकरणांतून आला आहे. सापशिडीत फासा ठरवतो, इथे कारण ठरवतं. रुग्ण खरा वाटतो तो यामुळे. कातडीचा रंग कितीही हुबेहूब असो, औषध दिल्यावर शरीर बदललं नाही तर ते नुसतं चित्र राहतं.

खेळाकडून आणखी तीन गोष्टी आल्या. पहिली घड्याळ: तुम्ही विचार करत बसलात तरी रुग्णाचा आजार थांबत नाही. दुसरी झाकलेली माहिती: योग्य प्रश्न विचारल्याशिवाय रुग्ण आपण होऊन सांगत नाही. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची, म्हणजे नवा डाव. तोच रुग्ण पुन्हा मिळतो, कुणाचाही जीव न जाता. मात्र डाव संपल्यावर शिक्षकाने शेजारी बसून ‘इथे तू काय विचार केलास?’ असं विचारलं नाही, तर हाती फक्त गुण उरतात.

याचा उपयोग होतो का? २०१९ साली ५१ चाचण्यांचा आणि ४,६९६ सहभागींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. पारंपरिक शिक्षणाच्या तुलनेत ज्ञानात फारसा फरक नव्हता. कौशल्यात मात्र आभासी रुग्णांवर शिकलेले पुढे होते. म्हणजे पुस्तकाची जागा पुस्तकालाच राहते आणि आभासी रुग्ण पुस्तक व खाट यांच्यामधली पायरी होतो. स्पर्श, वास, नातेवाईकांची घालमेल या गोष्टी खऱ्या खाटेपाशीच शिकाव्या लागतात.

आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. संवादकौशल्य त्यात आलं, कौशल्य प्रयोगशाळाही सक्तीच्या झाल्या. पण तयार मिळणारे आभासी रुग्ण बहुतेक इंग्रजी बोलतात. आपल्या ओपीडीतली आजी म्हणते, ‘उन्हाळी लागलीय.’ कुणी सांगतं, ‘अर्ध्या अंगावरून वारं गेलं.’ एखादी बाई मान खाली घालून ‘अंगावरून जातंय’ एवढंच बोलते. लघवीची जळजळ, पक्षाघात आणि रक्तस्राव या तीन वाक्यांत दडलेले आहेत. ते ओळखायला इंग्रजी बोलणारा रुग्ण कसा शिकवणार?

आणि आजारही आपलेच हवेत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी कोकणातल्या विंचूदंशावर आयुष्य वेचलं आणि प्राझोसिनने रुग्ण वाचतात हे जगाला दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लाल विंचवाच्या विषाने घाम फुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो आणि पुढे फुप्फुसांत पाणी भरतं. हा सारा क्रम समीकरणांत बसणारा आहे. प्राझोसिन वेळेवर दिलं तर काय होतं आणि उशिरा दिलं तर काय, हे विद्यार्थ्याने पडद्यावर दहा वेळा अनुभवायला हवं.

इंजिन मुक्त आहे, डॉक्टर आपल्याकडे आहेत, प्रोग्रामर पुण्यात गल्लोगल्ली आहेत आणि संवाद लिहिणारे लेखकही आहेत. यांनी एका टेबलाभोवती बसावं आणि मराठी बोलणारा पहिला विंचूदंशाचा रुग्ण घडवावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिल्याच रात्री एकटा पडणारा तरुण डॉक्टर त्या रुग्णाला आधी भेटलेला असला पाहिजे.