ऑस्बोर्न परिणाम

ऑस्बोर्न परिणाम ही व्यवसाय व अर्थशास्त्राच्या क्षेत्रात वापरली जाणारी एक संज्ञा आहे. एखाद्या कंपनीने आपल्या आगामी, अधिक सुधारित उत्पादनाची घोषणा ते विक्रीस येण्यापूर्वीच केल्यास ग्राहक सध्याच्या उत्पादनाची खरेदी लांबणीवर टाकतात आणि कंपनीची विक्री घटते, या घटनेस ऑस्बोर्न परिणाम म्हणतात. अमेरिकेतील ऑस्बोर्न कॉम्प्युटर कॉर्पोरेशन या कंपनीच्या 1983 मधील दिवाळखोरीवरून हे नाव रूढ झाले.

पार्श्वभूमी

ॲडम ऑस्बोर्न (1939–2003) यांचा जन्म बँकॉक येथे झाला व त्यांचे बालपण तामिळनाडूत गेले. पुढे ते अमेरिकेत स्थायिक झाले आणि सूक्ष्म संगणकांवरील पुस्तकांचे लेखक व प्रकाशक म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांच्या कंपनीने 1981 मध्ये ‘ऑस्बोर्न 1’ हा संगणक 1,795 डॉलर किमतीस बाजारात आणला. सुमारे 11 किलो वजनाचा व अवघ्या 5 इंची पडद्याचा हा संगणक पेटीप्रमाणे उचलून नेता येत असे. त्याच्यासोबत शब्दसंस्करण व हिशेबतक्त्यांच्या आज्ञावलीही त्याच किमतीत मिळत असल्याने त्याला मोठी मागणी आली.

1983 च्या सुरुवातीच्या महिन्यांत कंपनीने ‘ऑस्बोर्न एक्झिक्युटिव्ह’ या मोठ्या पडद्याच्या नव्या संगणकाची माहिती जाहीर केली. प्रचलित वृत्तांतानुसार, त्यानंतर विक्रेत्यांनी जुन्या संगणकाच्या मागण्या रद्द केल्या, गोदामांत माल पडून राहिला आणि किंमत कमी करूनही रोकड उभी राहिली नाही. सप्टेंबर 1983 मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

कारणमीमांसा

तंत्रज्ञानातील सुधारणेचा वेग ग्राहकावर दोन परस्परविरोधी परिणाम करतो. सुधारणेमुळे नवे उत्पादन अधिक उपयुक्त व स्वस्त होते, त्यामुळे खरेदीस चालना मिळते. परंतु हीच सुधारणा पुढेही चालू राहणार अशी अपेक्षा असल्यास, आज घेतलेली वस्तू लवकरच जुनी ठरेल या विचाराने ग्राहक थांबतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ नेथन रोझेनबर्ग यांनी 1976 मध्ये तंत्रज्ञानविषयक अपेक्षांवर लिहिलेल्या निबंधात हा मुद्दा मांडला. नवे तंत्रज्ञान स्वीकारण्यास होणारा विलंब हा नेहमीच अज्ञानाचा किंवा रूढिप्रियतेचा परिणाम नसून तो विचारपूर्वक घेतलेला निर्णयही असू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

थांबणे फायद्याचे आहे की नाही, हे मुख्यतः दोन गोष्टींच्या तुलनेवर ठरते: थांबल्यामुळे होणारी बचत आणि त्या काळात वस्तू न वापरल्याने होणारे नुकसान. उदाहरणार्थ, 60,000 रुपयांचा संगणक सहा महिन्यांनी 45,000 रुपयांस मिळणार असेल, तर थांबणाऱ्याचे 15,000 रुपये वाचतात. त्या संगणकामुळे एखाद्या छापखान्याचे दरमहा 5,000 रुपये वाचणार असतील, तर सहा महिन्यांचे नुकसान 30,000 रुपये होते. म्हणून लगेच खरेदी करणे योग्य ठरते. दरमहा बचत 2,000 रुपयेच असेल, तर नुकसान 12,000 रुपये होते व थांबणे लाभदायक ठरते. संगणकांची क्षमता अनेक दशके झपाट्याने वाढत असतानाही त्यांची खरेदी का थांबली नाही, याचे एक स्पष्टीकरण यातून मिळते.

सुधारणेचा सर्वसाधारण वेग माहीत असणे आणि विशिष्ट नवे उत्पादन लवकरच येणार हे निश्चितपणे कळणे, यांत फरक आहे. पूर्वघोषणेमुळे ग्राहकाची अनिश्चितता नाहीशी होते. त्यामुळे प्रतीक्षेचा काळ कमी आणि अपेक्षित सुधारणा मोठी असल्यास ऑस्बोर्न परिणामाचा धोका वाढतो.

इतर उदाहरणे

फेब्रुवारी 2011 मध्ये नोकिया कंपनीने स्मार्टफोनसाठी सिंबियनऐवजी विंडोज फोन ही प्रणाली मुख्य म्हणून स्वीकारत असल्याचे जाहीर केले. त्या प्रणालीवरील ‘लुमिया’ मालिकेचे पहिले फोन त्याच वर्षाच्या अखेरीस विक्रीस आले. दरम्यानच्या काळात सिंबियन फोनची विक्री वेगाने घसरली. मात्र अँड्रॉइड व आयफोन यांची स्पर्धा त्याआधीच तीव्र झालेली असल्याने, या घसरणीस केवळ घोषणा जबाबदार मानता येत नाही.

पूर्वघोषणेमुळे प्रतिस्पर्ध्याचीही विक्री रोखली जाऊ शकते. आयबीएमने आपल्या आगामी मोठ्या संगणकांची अकाली घोषणा करून आपले ग्राहक अडवले, असा आरोप कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनने 1968 मध्ये दाखल केलेल्या खटल्यात केला होता. 1973 मध्ये या खटल्यात तडजोड झाली.

मतभेद

ऑस्बोर्न कंपनीच्या ऱ्हासाचे हे स्पष्टीकरण सर्वमान्य नाही. 1982 मध्ये आलेल्या ‘केप्रो 2’ या संगणकात त्याच किमतीत 9 इंची पडदा मिळत होता. शिवाय आयबीएम पीसीशी सुसंगत असलेला ‘कॉम्पॅक पोर्टेबल’ 1983 मध्ये विक्रीस आला, तर एक्झिक्युटिव्ह हा मुळात जुन्या सीपी/एम प्रणालीवरच आधारलेला होता. दुसऱ्या एका वृत्तांतानुसार, जुन्या संगणकाचे उरलेले सुटे भाग संपवण्यासाठी कंपनीने त्याचे उत्पादन पुन्हा सुरू केले व त्याकरिता लागणाऱ्या इतर भागांवर मोठी रक्कम खर्च केली. त्यामुळे स्पर्धा आणि रोकड व्यवस्थापनातील चुका यांनाही अनेक लेखक तितकेच महत्त्व देतात.

प्रतिबंधक उपाय

हा परिणाम टाळण्यासाठी कंपन्या पुढील उपाय योजतात:

• नवे उत्पादन विक्रीस तयार होईपर्यंत त्याविषयी गुप्तता पाळणे.
• घोषणेपूर्वी जुन्या उत्पादनाचा साठा कमी करणे किंवा त्याची किंमत उतरवणे.
• जुनी वस्तू परत घेऊन नव्या वस्तूच्या किमतीत सवलत देणे.
• जुन्या उत्पादनासाठी घेतलेल्या आज्ञावली व उपसाधने नव्या उत्पादनातही चालतील अशी रचना ठेवणे.

यांपैकी शेवटचे दोन उपाय ग्राहकाची आज खरेदी केल्यामुळे होणारी संभाव्य हानी कमी करतात. गुप्ततेमुळे मात्र ही हानी टळत नाही. ती केवळ खरेदीनंतर ग्राहकाच्या लक्षात येते.

हे सुद्धा पहा

• मूरचा नियम
• नवकल्पनांचा प्रसार
• नियोजित कालबाह्यता