मॉनिटर बदलण्याआधी

लॅपटॉपशेजारी २७ इंची मॉनिटर ठेवून घरून काम करणारे आता घरोघरी आहेत. त्यातल्या मॅकबुकवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते. लॅपटॉपवर रेखीव दिसणारा मजकूर मॉनिटरवर गेला की विटतो. अक्षरांच्या कडा भुरकट होतात, अनुस्वार पुसट होतो. सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन बदलावं, तर २५६० बाय १४४० वर अक्षर बारीक आणि १९२० बाय १०८० वर मोठं, पण आणखीच धूसर. दुकानात विचारलं, तर उत्तर तयार असतं: फोर-के घ्या. तो खर्च करण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. दोष बऱ्याचदा मॉनिटरचा नसतो. मॅक त्याला कोणते पर्याय देऊ करतो, याचा असतो.

२०१२ साली ॲपलने रेटिना पडद्याचा मॅकबुक प्रो आणला. त्यात चित्र उभं-आडवं दुप्पट बारकाईने रेखाटलं जातं. समजा, पडद्यावरची जागा १९२० बाय १०८० इतकी दिसत असेल, तर आत चित्र तयार होतं ३८४० बाय २१६० चं. या पद्धतीला हाय-डीपीआय म्हणतात. पुढे २०१८ मध्ये मॅकओएस मोहावेने अक्षरं गुळगुळीत करण्याची जुनी रीत काढून टाकली. प्रत्येक पिक्सेलमधले लाल, हिरवे, निळे भाग वेगवेगळे वापरून अक्षराची कड साधणारी ती रीत रेटिना पडद्याला नकोच होती. साध्या मॉनिटरला मात्र तिचाच आधार होता.

मॅकओएस हाय-डीपीआय देतो तो पुरेशा दाट पिक्सेलच्या पडद्यांना. २७ इंची १४४० च्या मॉनिटरवर इंचाला साधारण १०९ पिक्सेल बसतात. तेवढ्याच आकाराच्या फाइव्ह-के पडद्यावर २१८. या १०९ वाल्याला हाय-डीपीआयच्या यादीतून वगळलं जातं. इंटेलच्या मॅकवर जाणकार मंडळी सिस्टिमच्या फाइलमध्ये खाडाखोड करून वाट काढत. २०२० च्या शेवटी एम-वन चिपचे मॅक आले आणि ती युक्ती चालेनाशी झाली.

मार्ग निघाला तो आभासी पडद्याचा. मॉनिटर जोडला की तो आपली ओळख संगणकाला कळवतो: माझा आकार हा, मला ही ही रिझोल्यूशन्स चालतात. ईडीआयडी नावाच्या या माहितीवरूनच पर्यायांची यादी बनते. मॉनिटरशिवाय चालवल्या जाणाऱ्या मॅक मिनीला लोक पूर्वीपासून एचडीएमआयचा नकली प्लग लावत. प्लग खोटी ओळख सांगे आणि मॅकला पडदा जोडल्यासारखं वाटे. २०२१ मध्ये बेटरडमी या सॉफ्टवेअरने तेच काम प्लगशिवाय करून दाखवलं. आज ते बेटरडिस्प्ले या नावाने मिळतं. ते मॅकच्या आत एक नसलेला पडदा उभा करतं. त्या पडद्याला हाय-डीपीआय मिळतं, आणि त्याचं प्रतिबिंब, म्हणजे मिररिंग, आपल्या खऱ्या मॉनिटरवर पाठवलं जातं. नव्या आवृत्त्यांत तर मिररिंगशिवायही, खऱ्या मॉनिटरच्याच यादीत हे पर्याय घालता येतात.

आता हिशेब पाहा. २५६० बाय १४४० म्हणजे सुमारे ३७ लाख पिक्सेल. आभासी पडद्यावर चित्र ५१२० बाय २८८० चं, म्हणजे १ कोटी ४७ लाख पिक्सेलचं रेखाटलं जातं आणि मग आकसून मॉनिटरवर येतं. मॉनिटरच्या प्रत्येक पिक्सेलचा रंग चार बारीक पिक्सेलच्या सरासरीतून ठरतो. मॉनिटरचा एकही पिक्सेल वाढत नाही, पण प्रत्येकाला जास्त विचार करून रंग मिळतो.

देवनागरीला याचा फायदा रोमनपेक्षा जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे. ‘सर्वांत’ हा शब्द घ्या. ‘वां’च्या डोक्यावर रफार आहे आणि त्याला चिकटूनच अनुस्वार. बातमीच्या नेहमीच्या आकारात या दोघांमध्ये जेमतेम पिक्सेलभर जागा उरते. साध्या रेखाटनात ती बुजते आणि तिथे एक काळसर ठिपका दिसतो. बारकाईने रेखाटून आकसलेल्या चित्रात तीच जागा फिकट करडी राहते, आणि रफार व अनुस्वार डोळ्याला वेगळे ओळखता येतात. दिवसभर मराठी मुद्रितं तपासणाऱ्या माणसासाठी ही मोठी सोय आहे.

करायचं काय? आधी काहीही न बसवता मॅकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘सर्व रिझोल्यूशन दाखवा’ हा पर्याय चालू करून पाहा. कधी कधी हवं ते तिथेच लपलेलं असतं. फोर-के मॉनिटर असेल तर केबलही तपासा, कारण एचडीएमआय १.४ वर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच ताजं होतं आणि माउस अडखळतो. एवढ्याने भागलं नाही, तर बेटरडिस्प्ले घ्या. त्यातल्या काही सोयी मोफत आहेत, काहींना पैसे पडतात. २७ इंची १४४० च्या मॉनिटरवर हाय-डीपीआय चालू करून २०४८ बाय ११५२ च्या आसपासचा मधला आकार निवडा. वाचायला तो सुखाचा वाटतो. कंपनीचा लॅपटॉप असेल, तर आयटी विभागाला विचारल्याशिवाय हे बसवू नका.

मर्यादाही आहेत. चौपटीपर्यंत पिक्सेल रेखाटायचे म्हणजे ग्राफिक्सवर भार येतोच. मिररिंगच्या वाटेने गेलात तर ओटीटीवरचा संरक्षित व्हिडिओ काळा दिसू शकतो. २४ इंची १०८० च्या पडद्यावर फरक पडतो, पण थोडाच. तिथे पिक्सेलच कमी आहेत. विंडोजवाल्यांना या खटाटोपाची सहसा गरज नाही. तिथे अक्षरांचा आकार १२५ किंवा १५० टक्के करता येतो आणि क्लिअरटाइप हे विंडोजचं तंत्र अक्षरांच्या कडा सांभाळतं.

फोर-के किंवा फाइव्ह-के पडदा अर्थातच सरस, आणि परवडत असेल तर जरूर घ्यावा. पण घरात १४४० चा चांगला मॉनिटर असेल, तर आधी आठवडाभर हा आभासी पडदा वापरा, रोजचं मराठी त्यावर वाचा आणि मगच दुकानाची पायरी चढा.