‘एनआयए’चे अधिकार आणि जबाबदारी

मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला आणि देशाच्या सुरक्षा यंत्रणेतील विस्कळितपणा उघडा पडला. त्यानंतर अवघ्या महिन्याभरात संसदेने राष्ट्रीय तपास यंत्रणा कायदा संमत केला. त्यातून ‘एनआयए’ अस्तित्वात आली. राधा विनोद राजू हे तिचे पहिले महासंचालक.

स्वतंत्र यंत्रणा कशासाठी?

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार पोलिस हा राज्यांचा विषय आहे. मात्र, दहशतवादी कटाचे धागेदोरे अनेक राज्यांत, प्रसंगी परदेशातही पसरलेले असतात. ‘सीबीआय’ला राज्यात तपास करण्यासाठी सर्वसाधारणपणे राज्य सरकारची संमती लागते. ‘एनआयए’ला अशा संमतीची गरज नाही, हा दोन्ही यंत्रणांमधील मूलभूत फरक होय.

तपास कसा सोपविला जातो?

कायद्याच्या परिशिष्टातील गुन्हा नोंदविला गेल्यास पोलिस ठाण्याने त्याचा अहवाल राज्य सरकारला आणि राज्याने तो केंद्राला पाठवायचा असतो. केंद्राने १५ दिवसांत निर्णय घेणे अपेक्षित आहे. केंद्र स्वतःहूनही तपास सोपवू शकते. असा आदेश निघाल्यावर राज्य पोलिसांना तपास थांबवून कागदपत्रे हस्तांतरित करावी लागतात. खटले विशेष न्यायालयात चालतात; अपील उच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठापुढे होते. २०१९ च्या दुरुस्तीने मानवी तस्करी, सायबर दहशतवाद आदी गुन्हेही कक्षेत आले, तसेच परदेशात घडलेल्या काही गुन्ह्यांच्या तपासाचा मार्ग मोकळा झाला.

वाद कोठे आहे?

एल्गार परिषद प्रकरण जानेवारी २०२० मध्ये पुणे पोलिसांकडून ‘एनआयए’कडे गेले, तेव्हा तत्कालीन राज्य सरकारमधून नाराजी व्यक्त झाली. त्याच महिन्यात छत्तीसगड सरकारने या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. राज्यांचा आक्षेप तपासाला नसून, त्यांना न विचारता तो काढून घेण्याला आहे.

कसोटी न्यायाचीच

मुंबई हल्ल्यातील अजमल कसाबविरुद्धचा तपास मुंबई पोलिसांनीच केला होता आणि मे २०१० मध्ये त्याला फाशीची शिक्षा सुनावली गेली. हल्ल्यामागील व्यापक कटाचा तपास ‘एनआयए’कडे आहे. तहव्वूर राणाला एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून भारतात आणले गेले, ते याच प्रकरणात.

मालेगावचे उदाहरण मात्र वेगळे. २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटाचा तपास दहशतवादविरोधी पथकाकडून २०११ मध्ये ‘एनआयए’कडे आला. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. स्फोटात सहा जण मृत्युमुखी पडले होते. त्यांच्या आप्तांना सुमारे १७ वर्षांनंतरही दोषी कोण, याचे उत्तर मिळालेले नाही. आरोपींनाही तितकीच वर्षे खटल्याच्या छायेत काढावी लागली.

बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्याखाली जामीन मिळणे अत्यंत कठीण असते. त्यामुळे तपासातील प्रत्येक त्रुटी आणि प्रत्येक विलंब यांची किंमत मोठी ठरते. व्यापक अधिकार मिळालेल्या यंत्रणेचे यश म्हणूनच अटकेच्या संख्येवर नव्हे, तर न्यायालयात टिकणारा पुरावा वेळेत उभा करण्यावर मोजले पाहिजे.